जुईची फिट आणि आमची घरातली ड्रिल

रविवारची दुपार

जुई आमच्या घरात नाटकी म्हणून प्रसिद्ध. तेव्हा चार वर्षांची होती. भाजी आवडली नाही की ताटासमोरच "मेले मी" म्हणून आडवी व्हायची, जीभ बाहेर काढायची आणि कुणी हसतंय का ते एक डोळा किलकिला करून बघायची. त्यामुळे त्या रविवारी जेवताना ती माझ्या मांडीवर ताठ झाली आणि तिने डोळे वर फिरवले, तेव्हा मी चक्क हसलो. "पुरे झाली नाटकं," म्हणालो आणि घास तिच्या तोंडाशी नेला.

तिचे दात घट्ट मिटलेले होते. मग डावा हात उडायला लागला, मग दोन्ही हात, मग सगळं अंग. ओठ निळे पडले. सकाळपासून ताप होता, औषध पाजलं होतं, दुपारपर्यंत उतरेल म्हणून आम्ही निवांत होतो. माझ्या हातातला भात तिच्या फ्रॉकवर पडला तो तसाच राहिला.

इथे मला माझी ओळख सांगायला हवी. आम्ही अंबरनाथच्या मोरिवलीतले. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे कारखान्यांची वसाहत सुरू होते, आणि तिथल्याच एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे. गॅस गळला तर कुठल्या दिशेने पळायचं, कपड्यांनी पेट घेतला तर काय करायचं, हे कामगारांना शिकवणं हे माझं काम. मॉक ड्रिलच्या दिवशी माझ्या एका शिट्टीवर अख्खी कंपनी हलते. आणि माझी स्वतःची पोर माझ्याच मांडीवर थडथडत होती, तेव्हा मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. डोकं रिकामं झालं होतं. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

बाकीच्यांना मात्र सगळं सुचत होतं. माझी आई ओरडली, "कांदा आना! कांदा फोडा आदी!" शेजारचे काका पायातली चप्पल काढून धावत आले आणि तिच्या नाकाला लावायला लागले. कुणीतरी माझ्या मोटरसायकलची चावी तिच्या मुठीत कोंबली, लोखंड हातात असलं की फिट उतरते म्हणून. वनिता, माझी बायको, चमच्याची दांडी तिच्या दातांत घालायला बघत होती, जीभ तुटेल म्हणून. चमचा निसटला तेव्हा मी बोट घातलं. जुईने ते हाडापर्यंत चावलं.

कांदा, चप्पल, चावी, चमचा. सगळं मायेपोटी, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

कॅम्प चार

रिक्षात तिचं थडथडणं थांबलं आणि ती एकदम सैल पडली. मान माझ्या दंडावरून लोंबायला लागली. मला वाटलं, संपलं. हे मी आजवर वनितालाही सांगितलेलं नाही. उल्हासनगर कॅम्प चारच्या हॉस्पिटलपर्यंतचा सगळा रस्ता मी एका मेलेल्या मुलीचा बाप होतो. वनिता तिच्या कानाशी "जुई, जुई" करत होती आणि मला तिला गप्प बस म्हणावंसं वाटत होतं.

हॉस्पिटलात सिस्टरने जुईला हातातून घेतलं, कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पुसली आणि म्हणाली, "श्वास चांगला चालू आहे. झोपलीय ती." झोपलीय! मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

मग सिस्टरने तिचं तोंड उघडून पाहिलं. पुढचा एक दात हलत होता आणि हिरडीतून रक्त येत होतं. "चमचा कुणी घातला?"

आई, वनिता आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. वर्गात खडू कुणी फेकला विचारलं की पोरं बघतात तसे.

"आणि हे बोट?"

"माझं," मी म्हटलं.

"दाखवा इकडे." तिने माझ्या बोटाला पट्टी बांधता बांधता सगळं सांगून टाकलं. फिट आली की तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं लागण्यासारखं सगळं दूर करायचं. कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ किंवा उलटी घशात जात नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र धावत हॉस्पिटल गाठायचं. "जीभ गिळली जात नाही हो कधी. माणसं उगाच दात पाडतात."

डॉक्टर म्हणाले, ही तापातली फिट आहे, लहान मुलांत बऱ्याच जणांना येते आणि मोठी होताना बहुतेकांची थांबते. मी मान डोलावली. त्यातलं किती डोक्यात शिरलं, देव जाणे.

वॉर्डातले दिवस आईबापांना माहीतच असतात. सलाईनच्या हाताला खेळण्यासारखी फळी बांधलेली. थर्मामीटर. ओल्या फडक्याने पुसणं. पुन्हा थर्मामीटर. वनिता जेवायची नाही, कारण जेवायला बसलं की फिट येते असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेजारच्या खाटेवर एका सिंधी आजीचा नातू न्यूमोनियाने पडला होता. तिसऱ्या दिवशी ती आजी उठली, दाल-पकवानाचा डबा वनिताच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "देख बेटा, तेरी बेटी को मैं देखती हूँ, पलक भी नहीं झपकाऊँगी। तू मेरी तरफ मुँह करके खा।" वनिता तिच्याकडे तोंड करून जेवली आणि रडली. त्या बाईचं नावही आम्ही विचारलं नाही. अजून तिची आठवण निघाली की वनिता म्हणते, माझी एक सासू मोरिवलीत आहे आणि एक कॅम्प चारला.

तो शब्द

त्यानंतर दोनदा तापात फिट आली, दोनदा ॲडमिट केलं. ताप आला की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, जणू आवाजाने फिट जागी होईल. तरी मनाला एक आधार होता. ताप नाही तर फिट नाही.

एका सकाळी वनिता ओट्यावर बसून जुईचे केस विंचरत होती. ताप नाही, सर्दी नाही, काही नाही. शाळेतली कविता म्हणता म्हणता ती मधल्याच ओळीवर थांबली आणि पडली.

या खेपेला डॉक्टरांनी तिच्या डोक्याला वायरी चिकटवून तपासणी केली. खुर्चीवर बसून जुई आरशात स्वतःला बघत होती आणि खूश होती, "मी रोबोट!" कागदावरच्या रेघा बघून डॉक्टर म्हणाले, "ही एपिलेप्सी आहे. आपण मिरगी म्हणतो ती. रोज सकाळ-संध्याकाळ औषध द्यायचं, काही वर्षं तरी. एकही डोस चुकवायचा नाही. बाकी शाळा, खेळ, सगळं करू दे. फक्त पाण्याशी एकटी सोडू नका."

मला "मिरगी" नंतरचं काही ऐकू आलं नाही. वनितानेच सगळं लक्षात ठेवलं. बाहेर आल्यावर मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभा राहून तिला विचारलं, "म्हणजे तापातलीच ना?" मी पुन्हा तेच विचारलं. मला समजत होतं आणि तरीही मी विचारत होतो. धक्का बसतो म्हणजे माणूस किंचाळतो असं आपण सिनेमात बघतो. प्रत्यक्षात माणूस बावळटासारखा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं. "ह्यो शब्द ह्या घराभायेर जायचा नाय. पोरीची जात हाय. उद्या कोन करल तिला? कुनी इचारला तर चक्कर येते म्हनायचा."

"आई, ती पाच वर्षांची आहे," वनिता म्हणाली.

"आज पाच हाय."

आणि आम्ही खरंच तसंच सांगायला लागलो. शेजारी, नातेवाईक, वनिताचं माहेर, सगळ्यांना चक्कर. शाळेतल्या बाईंना तेवढं वनिताने माझ्या आईला न सांगता खरं सांगितलं.

ड्रिल

मला राहून राहून एका गोष्टीचं आश्चर्य वाटत होतं. सिस्टरने सगळं नीट समजावलं होतं. आम्हाला पाठ होतं. तरी ओट्यावर फिट आली तेव्हा आई कांदा घेऊनच धावली, वनिताचा हात चमच्याकडे गेला आणि मी पुन्हा खांबासारखा उभा.

मग कंपनीत पाइपाच्या गळतीची ड्रिल घेत असताना मी रोजच्यासारखं म्हणालो, "घाबरलेल्या माणसाला माहिती आठवत नाही, सवय आठवते. म्हणून ड्रिल." बोललो आणि शिट्टी हातात तशीच राहिली. अरे, हे मी लोकांना शिकवतो!

घरी येऊन जाहीर केलं, दर रविवारी जेवणानंतर फिटची ड्रिल. वनिता भडकली. "ही कंपनी नाही. माझी पोर आहे ती, गॅसचा सिलिंडर नाही. आधीच दिवसभर तेच डोक्यात असतं, त्यात रविवारीपण तेच बघू?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं चूक होतं असंही नाही.

आमचं भांडण जुईने सोडवलं. मी पेशंट म्हणून तिची बाहुली घेतली होती. ती म्हणाली, "बाहुलीला कुठे फिट येते? माझी आहे, मीच करणार." आणि मग तिने विचारलं, "पण पप्पा, मी कशी करते?"

तिने स्वतःची फिट कधी पाहिलीच नव्हती. आम्ही ज्या गोष्टीला इतके भीत होतो, ती ज्या मुलीला होत होती तिलाच ती ठाऊक नव्हती. मी हात थोडा हलवून दाखवायला गेलो आणि मला जमेना. शेवटी वनिता म्हणाली, "तू अशी ताठ होतेस, मग थरथर करतेस, मग झोपतेस. बस, एवढंच."

"एवढंच?" जुईची निराशा झाली. मग ती धाडकन आडवी झाली, हातपाय झाडले, वर स्वतःची भर म्हणून जीभ बाहेर काढली. वनिता हसायला लागली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पण तिने खाली बसून पोरीला कुशीवर वळवलं. ती आमची पहिली ड्रिल.

कामं वाटून दिली. वनिता कुशीवर वळवणार, डोक्याखाली मऊ काहीतरी देणार. मी घड्याळ बघणार. आणि पाच मिनिटं होत आली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा स्प्रे मारणार. राहिली आई. तिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. कंपनीत ड्रिलला एक माणूस गेटवर असतो, नको ती गर्दी आत येऊ न देणारा. ते काम मी आईला दिलं.

"मला वॉचमन केलास?" आई फणकारली. "पोरीला फुलासारखी सांबाळली मी, आनि मी दारात उभी ऱ्हावू?"

तरी उभी राहायची. हात आडवे करून, नसलेल्या माणसांना म्हणायची, "लांब व्हा, चक्कर आलीय तिला." ड्रिलमध्येसुद्धा चक्करच. मी एकदा म्हटलं, आई, निदान इथे तरी फिट म्हण. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुन्हा हात आडवे केले.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. माहिती सगळ्यांकडे असते. एकदा प्रत्यक्ष करून बघा. आजी-आजोबांनाही काम द्या, नाहीतर त्यांचे हात कांद्याकडे जाणारच. आणि मुलाला खोलीबाहेर काढू नका. आम्ही जुईपासून लपवत होतो तोवर तिला वाटायचं, आपण काहीतरी वाईट केलंय.

हळद

वनिताच्या भावाचं लग्न निघालं. हळद बदलापूरला, कात्रपला, त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होणार नाही. उन्हं उतरायच्या आत डीजे सुरू. जुई औषधावर नीट होती, बरेच महिने काही नव्हतं. दोन्ही गालांना हळद फासून ती मामाच्या पुढ्यात नाचत होती. मी कौतुकाने बघत होतो.

नाचता नाचता तिचे हात वर गेले ते वरच राहिले.

आणि सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा वाटलं, नाटक करतेय.

ती पडायच्या आत वनिता पोचली होती. तिने जुईला कुशीवर घेतलं, आपला भरजरी पदर तिच्या डोक्याखाली कोंबला. मी घड्याळ बघितलं. काटा नीट दिसत नव्हता, पण नजर हलवली नाही. खिशातला स्प्रे चाचपला. आणि डोक्यावर गर्दी आली. अख्खं वऱ्हाड. कुणी म्हणालं, लागिर झालंय, हळदीत होतं असं. मांडवामागून आचारी कांदा फोडून घेऊन आला. एक पाहुणा चप्पल काढून वाकला. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. हवा येईना. वनिता ओरडत होती, पण डीजेमध्ये ऐकतो कोण.

तेवढ्यात डीजे थांबला. आईने जाऊन वायर उपटली होती. मग ती, ते दुखरे गुडघे घेऊन, गर्दीत घुसली. त्या पाहुण्याच्या हातातली चप्पल तिने हिसकावली आणि तीच उगारून उभी राहिली.

"लांब व्हा! सगली लांब व्हा! कांदा नको, चप्पल नको, तोंडात काय घालायचा नाय! मोबाइल खाली कर रं ए! फिट हाय ती. माज्या नातीला फिट येतात. मिरगी हाय तिला. औशद चालू हाय. आमाला म्हाईत हाय काय करायचा, तुमी फकस्त हवा येऊ द्या!"

दोन्हीकडची सोयरी, गावकी, व्याही, सगळे तिथे होते. ज्यांच्यापासून तिने तो शब्द लपवला होता ते एकूण एक. आई हात आडवे करून उभी होती, दर रविवारी उभी राहायची तशी.

पाच मिनिटं व्हायला आली तरी जुई थांबेना. मी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या नाकपुडीत स्प्रे मारला. त्यानंतर जे काही क्षण गेले, त्यांबद्दल मला लिहिता येणार नाही. मग तिचा हात मंदावला. मग पाय. मग तिने एक लांब श्वास घेतला, आणि मला वाटतं आम्ही सगळ्यांनीच तो घेतला.

सकाळ

गाडीतून तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं आणि त्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशीचं लग्न आमच्याविना लागलं. वनिताने एकदाच डोळे पुसले, भावाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या म्हणून.

त्या दिवशी सकाळी जुई नीट जागी झाली तेव्हा गालांवरची हळद सुकून तिच्या चेहऱ्याला भेगा पडल्यासारख्या दिसत होत्या. वनिता खाटेवर डोकं टेकून झोपली होती. आई हळदीतल्याच साडीत खुर्चीवर बसली होती, घसा पार बसलेला. तिच्या पायाशी ती परक्या पाहुण्याची चप्पल होती. हातातच राहिली आणि तशीच गाडीत आली.

जुईने आधी सलाईन पाहिलं, मग मला, मग ती एकटी चप्पल. तिला कशाचाच संदर्भ लागेना. मग तिने विचारलं, "पप्पा, काल ड्रिल होती का?"

मी बोलायच्या आत आईच खुर्ची पुढे ओढून वाकली.

"नाय गो बाय," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "काल खरी फिट होती. पन आमी सगल्यांनी नीट केला."